किल्ला नेमका कोणाचा?

सुरुवातीलाच एक कबुली. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी विषय होता, पण लोअर लेव्हल. म्हणजे दहा ओळींत 'माझा आवडता प्राणी' लिहिला की सुटका. त्यामुळे "मराठी विभागाला पानं कमी पडतायत, काहीतरी अभ्यासपूर्ण दे" असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा शुद्धलेखन तिने तपासायचं या अटीवर मी तयार झाले. विचार माझे, ऱ्हस्व-दीर्घ तिचे.

विषय मात्र शोधावा लागला नाही. मागच्या गुढीपाडव्याच्या आधी, वर्कशॉपच्या मागच्या अंगणात उभ्या केलेल्या एका टेम्पोशेजारी, तो आपणहून माझ्या अंगावर आला.

भांडणाची गोष्ट

मागच्या वर्षी आपल्या हॉस्टेलच्या मुलामुलींनी डोंबिवलीच्या नववर्ष स्वागतयात्रेत शिवकाळाचा चित्ररथ न्यायचं ठरवलं. मी हॉस्टेलला राहत नाही. मी डोंबिवलीची, रोज लोकलला लटकून येणारी. पण म्हणूनच मला बोलावलं. यात्रा माझ्या गावची, मी तिच्यात तिसरीपासून चालत आलेय, तेव्हा मला सगळं माहीत असणार असा सर्वांचा समज होता. आणि खरं सांगायचं तर माझाही तोच समज होता.

मी पहिल्याच मीटिंगला कागद घेऊन गेले. टेम्पोवर रायगड. पुढे मावळे. सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे. लेडीज हॉस्टेलमधली एक मुलगी जिजाऊ म्हणून वर उभी राहील, बाकीच्या नऊवारी नेसून मागून चालतील. झालं.

आपल्या हॉस्टेलमध्ये एक गंमत आहे, ती तुम्हाला माहीतच आहे. इथे कुणाला नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. "सांगली, जर्नल दे." "नाशिक, मेसमध्ये आज काय आहे?" तर त्या दिवशी 'उदगीर' उठून म्हणाला, "रायगडच का? उदगीरलापण किल्ला आहे की."

मी म्हणाले, "अरे पण आपल्याला शिवकाळ दाखवायचाय ना? तुमच्याकडे कुठे होता शिवकाळ?"

दोन सेकंद कोणी काही बोललं नाही. मग 'बुलढाणा' म्हणाली, "जिजाऊ कुठल्या, माहीत आहे का तुला?"

मी मनात लाल महाल, राजगड असं चाचपत होते. ती म्हणाली, "सिंदखेडराजा. आमच्या जिल्ह्यात. आणि शहाजीराजांच्या वडिलांकडे, मालोजीराजांकडे, वेरूळची पाटीलकी होती. म्हणजे आई विदर्भातली, वडिलांचं घराणं मराठवाड्यातलं, आणि तू विचारतेस तुमच्याकडे कुठे होता!"

उदगीर फक्त एवढंच म्हणाला, "मग आम्हाला कशाला बोलावलाव?"

मी घाईघाईने मतदान घेतलं. रायगडला सतरा हात वर झाले, विरोधात सहा. सगळं रीतसर. पण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला ते सहा जण आलेच नाहीत. बांबू बांधायला माणसं कमी पडली तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की मतदान बरोबर झालं, तर मग चुकलं काय?

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा अभ्यास आहे.

इतिहास जगून पाहणारी माणसं

शाळेत असताना ॲन्युअल डेला मी नाइट झाले होते. पुठ्ठ्याची ढाल, तिला चंदेरी रंग. मला राजगडाच्या आधी किंग आर्थरचं कॅमलॉट माहीत होतं. ही अभिमानाची गोष्ट नाही, पण त्यामुळे एक फायदा झाला. जुन्या काळाचे कपडे घालून तो काळ जगून पाहणाऱ्या लोकांची परदेशात मोठी संघटना आहे, हे मी ऐकून होते. तिथेही वेगवेगळ्या भागांतली माणसं एकत्र येत असणार. मग त्यांच्यात भांडणं होत नाहीत का, म्हणून मी शोधायला लागले.

त्या संघटनेचं नाव सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम. मराठीत साधारण 'कालविसंगतीची सर्जनशील मंडळी' असं काहीतरी होईल. १ मे १९६६ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या बर्कली गावात, एका घराच्या मागच्या अंगणात काही तरुणांनी मध्ययुगीन पद्धतीचे द्वंद्वयुद्धाचे सामने भरवले. तिथून ही सुरुवात. पुढच्या वेळी सामने बागेत घ्यायचे होते, परवानगीच्या अर्जावर संस्थेचं काहीतरी नाव हवं होतं, म्हणून हे लांबलचक नाव सुचवलं गेलं. म्हणजे परवानगीच्या अर्जापासून सुटका तिथल्या राजेरजवाड्यांचीही झालेली नाही!

ही माणसं वेताच्या तलवारींनी, पण अंगावर खरं चिलखत चढवून लढतात. काही जण जुन्या पद्धतीने कापड विणतात, स्वयंपाक करतात, लिहितात, गातात. प्रत्येक सभासद एक जुनं नाव आणि स्वतःचं चिन्ह घेतो. ते चिन्ह दुसऱ्या कोणाचं नाही ना, हे तपासून नोंदवून ठेवणारा वेगळा अधिकारी असतो.

यात मला एक गंमत सापडली. ही मंडळी सतराव्या शतकाच्या आधीचा काळ धरतात. म्हणजे १६०० साली त्यांचा इतिहास संपतो. आणि आपले शिवाजी महाराज जन्मले १६३० साली! त्यांच्या घड्याळात आपला शिवकाळ बसतच नाही. त्यांचं मध्ययुग जिथे बंद होतं, तिथून पुढे आपण यात्रेत दाखवतो तो बहुतेक सगळा इतिहास सुरू होतो. 'मध्ययुग' हा शब्दसुद्धा कुणीतरी, कुठल्यातरी गावात बसून, आपापल्या सोयीने ठरवलेला आहे. मी मीटिंगमध्ये 'शिवकाळ म्हणजे रायगड' ठरवलं, तसाच.

शायर, बॅरनी, प्रिन्सिपॅलिटी

आता अभ्यासाचा मुख्य भाग. जरा लक्ष द्या, परीक्षेला येणार नाही पण उपयोगी आहे.

या संघटनेने सगळं जग आपल्या 'राज्यां'मध्ये वाटून घेतलं आहे. आज अशी वीस राज्यं आहेत. राज्याखाली लहान-मोठ्या शाखा असतात आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

सगळ्यात साधी शाखा म्हणजे शायर (गझलवाला नव्हे, आपल्या परगण्यासारखा मुलूख). तिला कोणी सरदार नसतो. नुसते काम करणारे अधिकारी असतात.

त्यापेक्षा मोठी बॅरनी. तिला मानाचा सरदार असतो, पण त्याची नेमणूक वरचा राजा करतो.

त्याहून मोठी प्रिन्सिपॅलिटी. ही आपला राजपुत्र स्वतःच्या मुलखातल्या स्पर्धेतून स्वतः निवडते, पण असते मोठ्या राज्याच्या छत्राखाली.

आणि मग राज्य. राजा लढाईच्या सामन्यात जिंकून ठरतो आणि काही महिन्यांनी पायउतार होतो.

म्हणजे एकेक पायरी चढताना बदलतं काय? मुकुट मोठा होतो हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'आमचा माणूस कोण ठरवणार' याचं उत्तर बदलतं. शाखा वाढली, लांब असली, तिची स्वतःची माणसं आणि पद्धती तयार झाल्या, की ती वरच्याला म्हणते, आता आमचं आम्हाला ठरवू द्या.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. तिथल्या मुलखाला ही मंडळी लोखाक म्हणतात. हा लोखाक कित्येक वर्षं वेस्ट नावाच्या राज्याखाली होता, आणि वेस्टचं मूळ कॅलिफोर्नियात! मध्ये अख्खा पॅसिफिक महासागर. २००२ साली लोखाक स्वतंत्र राज्य झाला. युरोपचंही तसंच. ड्राकेनवाल्ड नावाचा तिथला मुलूख अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ईस्ट राज्याखाली होता, तो १९९३ मध्ये राज्य झाला. ज्या युरोपच्या इतिहासाचा हा सगळा खेळ, त्या युरोपलाही स्वतःचं राज्य मिळायला खेळ सुरू झाल्यापासून २७ वर्षं लागली.

सगळ्यात मजेदार गोष्ट पिट्सबर्ग शहराची. १९७२ पासून ईस्ट आणि मिडल या दोन राज्यांत दरवर्षी 'पेन्सिक वॉर' नावाचं मोठं लुटुपुटूचं युद्ध होतं. हजारो लोक तंबू ठोकून राहतात. त्यांच्यातला जुना विनोद असा, की जो हरेल त्याने पिट्सबर्ग घ्यायचं. म्हणजे ते कोणालाच नको! पण त्या भागात राहणाऱ्या सभासदांना काय वाटत असेल? त्यांनी आपली शाखा वाढवली, आधी प्रिन्सिपॅलिटी केली, आणि १९९७ मध्ये एथेलमार्क नावाचं स्वतंत्र राज्य मिळवलं. दोघं जे एकमेकांच्या गळ्यात मारत होते, तेच तिसरं राज्य होऊन बसलं. हे वाचलं तेव्हा मला उदगीरचा चेहरा आठवला.

पण एक मुद्दा विसरायचा नाही. तिथे स्वतःचं राज्य नुसतं मागून मिळत नाही. पुरेसे सभासद लागतात आणि काम करणारे अधिकारी लागतात. सेनेशल म्हणजे मुख्य कारभारी, एक्सचेकर म्हणजे खजिनदार, मार्शल म्हणजे लढाईतली सुरक्षितता पाहणारा, हेराल्ड म्हणजे नावं-चिन्हं नोंदवणारा. राजा कोणीही होवो, हिशेब आणि अहवाल यांनी द्यायचे. सिंहासन हा खेळाचा भाग, पण हिशेबाची वही खरी. आणि या सगळ्या राज्यांच्या वर एक संचालक मंडळ असतं, त्याच्याही वर त्या त्या देशाचा कायदा. मुकुट घातला म्हणून कोणी सुटत नाही.

आपल्याकडचा खेळ

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध? आहे संबंध. आपण हा खेळ लहानपणापासून खेळतो, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करतो, त्यावर अळीव पेरतो, वर सिंहासनावर महाराज, खाली बाजारातले मातीचे मावळे. कुठला बुरूज कोणी करायचा यावरून दरवर्षी भांडतो. तेच पुढे मोठेपणी ढोल पथकात आणि स्वागतयात्रेत येतं.

आणि स्वागतयात्रेच्या बाबतीत तर आमच्या डोंबिवलीने कॉलर ताठ करावी अशी गोष्ट आहे. गुढीपाडव्याच्या सकाळी सगळ्या गावाने मिळून मिरवणूक काढायची, ही पद्धत १९९९ साली डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने सुरू झाली. तोपर्यंत पाडवा म्हणजे आपापल्या दारात गुढी, श्रीखंड आणि दुपारची झोप. मग ही कल्पना ठाणे, कल्याण, गिरगाव करत राज्यभर गेली. फेटे बांधून बुलेट चालवणाऱ्या नऊवारीतल्या बायका आज टीव्हीवर दिसतात, त्यामागे ही गोष्ट आहे.

आता कारभार कसा चालतो ते बघा. ठाण्याची यात्रा डोंबिवलीची परवानगी घेऊन निघत नाही. ती श्री कौपीनेश्वर सांस्कृतिक न्यासाच्या पुढाकाराने निघते. ठाण्यात तर मुख्य यात्रेबरोबर वेगवेगळ्या भागांच्या उपयात्राही असतात. प्रत्येक भागातली माणसं आपली यात्रा आपण काढतात. मुकुट नाही, बॅरन नाही, पण प्रश्न तोच: आमच्या भागाचं आम्ही ठरवू. आणि यात्रेत आत बघितलं तर प्रत्येक चित्ररथ म्हणजे एक लहानसा शायरच. कुठे शाळा, कुठे डॉक्टरांची संघटना, कुठे योगवर्ग. प्रत्येकाने आपलं आणायचं, रांग मात्र एकच ठेवायची.

मार्च २०२० मध्ये पाडव्याच्याच दिवशी लॉकडाऊन सुरू झालं आणि फडके रोड रिकामा राहिला. तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गॅलरीतून कुठेच ढोल ऐकू येत नव्हता. यात्रा ही कोणीतरी वरून आपल्याला दिलेली सोय नाही, माणसं उतरली तरच ती असते, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. पण ते कळलं टेम्पोपाशी, चारपाच वर्षांनी.

खरा किल्ला कसा चालायचा

रायगडाचा पुठ्ठ्याचा दरवाजा रंगवताना मी कधी विचारच केला नव्हता की खऱ्या किल्ल्यावर कारभार कोण बघायचं. वाचल्यावर चकित झाले.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तिच्यात किल्ल्यांच्या व्यवस्थेची माहिती आहे. किल्ला एकट्या माणसाच्या ताब्यात नसायचा. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी बरोबरीच्या दर्जाचे. हवालदाराकडे किल्ल्याचा मुख्य कारभार, सबनिसाकडे हजेरी आणि लिखापढी, सरनोबताकडे शिबंदी आणि पहारा. शिवाय धान्य, दारूगोळा, सामान यांच्यासाठी कारखानीस. एक जण शत्रूला फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये, ही त्यामागची युक्ती. आपण इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिकतो ना, एक घटक बिघडला तरी सगळी सिस्टीम बसू नये म्हणून जास्तीची व्यवस्था ठेवायची, तेच हे. साडेतीनशे वर्षांपूर्वी, आणि माणसांच्या बाबतीत.

गावपातळीवर आणखी एक व्यवस्था होती, ती म्हणजे गोतसभा. वतनाचा, हद्दीचा, मानपानाचा तंटा झाला की गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, परगण्याचे देशमुख, देशपांडे जमून निवाडा करत. निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. लिहिता न येणारा माणूस त्यावर आपल्या कामाची निशाणी काढे. पाटलाचा नांगर, शेट्ये-महाजनांचा तराजू. परदेशातली मंडळी ढालीवर सिंह आणि गरुड काढतात. आपल्याकडच्या निशाण्या कामाच्या हत्यारांच्या. मला हे फारच आवडलं. कागदावर ज्याची निशाणी, तो त्या निर्णयाला बांधील. त्याने नंतर 'मला काय विचारलं होतं' असं म्हणायची सोयच नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. जुनं ते सगळंच सोनं नव्हतं. गोतसभेत बसण्या-बोलण्याचा मान जातीवर ठरायचा, आणि निर्णयात बायकांना फारशी जागा नव्हती. म्हणून तो काळ जसाच्या तसा उचलून आणायचा नाही. युक्ती घ्यायची, उतरंड सोडून द्यायची.

टेम्पोवरचं स्वराज्य

एवढं वाचून झाल्यावर माझी चूक माझ्या लक्षात आली. मी सगळ्यांना मत विचारलं होतं, पण कोणाच्याच हातात काही दिलं नव्हतं. किल्ला मी ठरवला, फेटे मी ठरवले, जिजाऊ मी ठरवली. बाकीच्यांनी फक्त हात वर करायचा होता. सतरा जणांनी केला. तो माझा विजय वगैरे नव्हता. त्यांना लवकर मेसला जायचं होतं एवढंच.

मी मेसमध्ये जाऊन उदगीरसमोर बसले आणि सॉरी म्हणाले. माझं मराठी अशा वेळी फारच तोकडं पडतं. त्याने ताटातलं वरण संपवलं आणि मग म्हणाला, "बरं. पण हिशेब मी बघणार."

आम्ही परत बसलो आणि एक पानी कागद केला. चार कामं, चार माणसं. यात्रेच्या दिवशी शेवटचा शब्द हवालदाराचा; ते काम माझ्याकडे आलं, आणि अजूनही कॅन्टीनवाले काका मला 'काय हवालदारीणबाई' म्हणतात. सबनीस उदगीर, पैशाच्या प्रत्येक कागदावर त्याची सही लागणार. सरनोबत बुलढाणा, रांग, गर्दी, कोणाला चक्कर आली तर काय, हे तिचं. कारखानीस सावंतवाडी, बांबू, गोणपाट, फेटे, पाणी. खाली प्रत्येकाने आपल्या भागाची निशाणी काढली. सावंतवाडीने गंजिफाचं गोल पान काढलं, बुलढाण्याने लोणारचं सरोवर, उदगीरने बुरूज. मी लोकलमधलं लटकायचं हँडल काढलं, ते ऐतिहासिक नाही म्हणून नामंजूर झालं.

लेडीज हॉस्टेलने सांगितलं की टेम्पोवर पुतळ्यासारखं कोणी उभं राहणार नाही, आम्ही लेझीम खेळत पुढे चालणार. माझ्या मूळ कागदावर हे नव्हतं. मी स्वतः मुलगी असून मला ते सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

मग किल्ल्याचा विषय. मला वाटलं, आता उदगीरचा किल्ला होणार. पण तोच म्हणाला, "यात्रा कुठं आहे? कल्याण-डोंबिवलीत. मग इथला किल्ला करा की."

इथला? माझ्या डोक्यात काही येईना. शेवटी तोच म्हणाला, "दुर्गाडी."

मी रोज कल्याणचं नाव ऐकत मोठी झाले. दुर्गाडी खाडीकाठी उभा आहे हे मला माहीत होतं, पण तो 'किल्ला' आहे असं कधी मनात आलं नव्हतं. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आलं आणि त्यानंतर इथल्या खाडीत गलबतं बांधायला सुरुवात झाली. मराठ्यांच्या आरमाराचा पाळणा माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर, आणि मी रायगड शोधत होते! हे सांगितलं कोणी, तर लातूर जिल्ह्यातून आलेल्या मुलाने. त्याला परका ठरवणारी मी, माझ्याच गावात परकी निघाले.

परत मतदान घेतलंच नाही. कोणाचा विरोधच नव्हता. सुतळी आणि बांबूंचा दुर्गाडी झाला, त्याच्यापुढे पुठ्ठ्याचं गलबत.

सगळं गोडीगुलाबीत झालं असं मात्र समजू नका. आदल्या आठवड्यात मला आणखी दोन ढोल भाड्याने हवे होते. तीन हजारांचा प्रश्न होता. सबनिसाने सही केली नाही. मी रुसले, दोन दिवस बोलले नाही, हवालदार मोठा की सबनीस असंही विचारून घेतलं. तो म्हणाला, "सारखेच. तूच वाचून दाखवलंस ना?" यात्रेच्या दिवशी आमचा टेम्पो गर्दीत अडकला, दीड तास जास्त लागला, आणि ड्रायव्हरने थांबल्याचे पैसे मागितले. ते पैसे होते. ढोल घेतले असते तर नसते.

दुपारी फडके रोडवरून परत येताना सरनोबताने सगळ्यांना थांबवून रस्त्यावरची आमची पाण्याची ग्लासं आणि फुलं उचलायला लावली. स्वराज्यात हेही येतं.

खेळ संपल्यावर

शेवटी एक गोष्ट, जी खेळातली नाही. आमच्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची स्थापना १ ऑक्टोबर १९८३ ची. तेव्हा आजूबाजूची २७ गावं तिच्यात घेतली. २००२ मध्ये ती बाहेर काढली, २०१५ मध्ये परत आत घेतली. गावांची मागणी होती स्वतंत्र नगरपालिकेची. कर कोणाला द्यायचा, पाणी कोण देणार, आणि आमचं कोण ठरवणार? पुन्हा तेच प्रश्न, आणि इथे पुठ्ठ्याचा दरवाजा नाही, खरी माणसं आहेत. एवढंच नाही, २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेची निवडणूकच झाली नाही. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार केला. आमच्या कॉलनीत कोणी फारसं काही बोललं नाही. पाणी येत होतं, लोकल चालू होती, झालं.

मला वाटतं, जी माणसं आपल्या चित्ररथाचा कारभार स्वतः करतात, हिशेबाला सही मागतात, 'आम्हाला कशाला बोलावलाव' असं तोंडावर विचारतात, ती पुढे गावाच्या कारभारातही विचारतील. आणि ज्यांना फक्त हात वर करायची सवय लागते, ती तिथेही तेवढंच करतील. जुन्या काळाचे कपडे घालून आपण शिकायचं असेल तर हे शिकू. तलवार काय, पुठ्ठ्याचीही चालते.

आपल्या हॉस्टेलमध्ये मेस कमिटी आहे, रूम-अलॉटमेंट आहे, हा अंक आहे. कुठे कोण ठरवतंय आणि कोणाची निशाणी त्या कागदावर आहे, एकदा बघा. फर्स्ट इयरची तर कुठेच नसते. आमच्या कागदावरही नव्हती. ती चूक अजून दुरुस्त व्हायची आहे.

पुढच्या पाडव्याची पहिली मीटिंग लवकरच मेसमध्ये होईल. या वेळी किल्ला कुठला, मला माहीत नाही. मी फक्त यात्रेचा रस्ता सांगायला जाणार आहे.